हॉटेल लाइन

वाकटाकळी हे गाव आहे की शहर, हा प्रश्न वाकटाकळीत कधी कुणाला पडला नव्हता. शिर्डीच्या रस्त्याला लागून पेरूच्या बागा, बागांच्या मागं झेंडूची रानं, रानांच्या मागं कॅनॉल आणि मधोमध मारुतीचं देऊळ. देवळापुढच्या मंडपात दर वैशाखात हरिनाम सप्ताह बसतो. मग सात दिवस लहानथोर, सोयरेधायरे, वाटेनं जाणारा ट्रकवालासुद्धा तिथंच जेवतो. ज्या वस्तीला एका मंडपाखाली जेवता येतं तिला आपण गाव म्हणतो. निदान आजवर म्हणत आलो.

मोनिकाला तो प्रश्न पडला राहात्याच्या कचेरीत, खिडकीचे गज धरून उभी असताना.

तिची लेक धनश्री यंदा पाचवीतून निघाली होती. लांब एका संस्थेची निवासी शाळा आहे. तिथं बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं सगळं संस्थेचं. खेड्यातल्या पोरांसाठी त्यांनी थोड्या जागा बाजूला ठेवलेल्या असतात. चाचणीत त्या यादीत धनश्रीचं नाव वरून तिसरं लागलं होतं. दुसरी यादी सगळ्यांची होती. तिथं शिकवण्या लावलेली शहरातली पोरं पुढं होती आणि धनश्री पार खाली. शाळेनं एवढंच कळवलं होतं, की महिना संपायच्या आत ग्रामीण भागाचा दाखला आणा, जागा तुमची.

"दाखला नाही मिळणार," खिडकीतला कारकून म्हणाला. "तुमचं गाव नगरांच्या यादीत प्रस्तावित आहे."

"नगर कुठं आन आमी कुठं," मोनिका म्हणाली. "नगरला जायाला हितनं येष्टीनं दोन तास लागतेत."

मागची माणसं हसली. कारकूनही हसला, पण त्याचं हसणं चांगल्या मनाचं होतं. "ते नगर नव्हे, ताई. जनगणनेतलं नगर. आता पुन्हा माणसं मोजायची आहेत ना, त्याच्या आधी ठरवतात, शहर कुठलं आणि खेडं कुठलं. तुमच्याकडं कारभार ग्रामपंचायतच बघणार. फक्त मोजताना गाव शहरात धरायचं."

"मोजताना शहर. आन रस्ता करताना?"

"रस्ता करताना गाव."

आता कुणी हसलं नाही. कारकुनानं मान खाली घालून सांगितलं, की यादी अजून पक्की नाही, ग्रामपंचायतीकडून हरकत आलेली आहे, कचेरीतल्या मॅडम गावात येऊन चौकशी करतील आणि अहवाल धाडतील. अहवालात वाकटाकळी खेडं ठरलं तर त्याच दिवशी दाखला मिळेल.

परत येताना मोनिका घरी गेली नाही. ती थेट देवळामागं दत्तोपंत गुरुजींकडं गेली. पंधरा वर्षांपूर्वी हे गाव मोजलं होतं ते त्यांनी.

गुरुजी आता निवृत्त. ओट्यावर बसून पेरूच्या फोडींना तिखटमीठ लावत होते. त्यांनी तिच्याही हातावर एक फोड ठेवली आणि शाळेत समजावीत तसं समजावलं.

"तीन अटी असतात बघ. वस्ती पाच हजाराच्या वर हवी. ती आपली आहे. दाटी हवी, म्हणजे चौरस किलोमीटरात चारशे माणूस. तेही आहे. तिसरी अट अशी, की गावातल्या कामकरी पुरुषांपैकी शंभरात पंचाहत्तर तरी शेती सोडून दुसरं काहीतरी करणारे हवेत. मागच्या मोजणीत आपले भरले शहात्तर, आणि यादी त्याच आकड्यांवरून करतात."

"शहात्तर?" मोनिकानं हातातली फोड खाली ठेवली. "गुरुजी, मी त्या मोजणीच्या मागनं लगीन होऊन आले. तवा समदं गाव रानात हुतं. ह्यांच्या हातात खुरपं बघितलं मी, हळद निघाली नव्हती तवा."

"मी खुरपी मोजायला नव्हतो गेलो. माणूस तोंडानं सांगेल ते लिहायचं, पुरावा मागायचा नाही, असा नियमच असतो."

"आन मानसांनी काय सांगितलं?"

गुरुजींनी फोड चावली. "हॉटेल लाइन."

त्याचं असं होतं. दत्तोपंत गुरुजींच्या बदल्या जिल्हाभर झाल्या होत्या. तिसगावला आठ वर्षं, नेवाशाकडं पाच, मग इथं. प्रत्येक गावातली घरं, त्या घरांतली उपवर पोरं-पोरी त्यांच्या तोंडपाठ. वाकटाकळीतली निम्मी लग्नं त्यांच्या शब्दावर जुळलेली. गुरुजी एरवी ओट्यावर बसून जे विचारायचे तेच त्या वर्षी कागद घेऊन विचारत होते: घरात कोण कोण, मुलाचं वय काय, शिक्षण काय, मुलगा काय करतो? सरकारचा प्रश्न आणि सोयरिकीचा प्रश्न एकाच माणसाच्या तोंडून, त्याच शब्दांत. आणि शेतकरी नवरा नको असं पोरींनी तेव्हाच म्हणायला सुरुवात केली होती. मग काय, घरोघर लुगड्याचा पदर सारखा करून, गुळाचा चहा बाजूला सारून साखरेचा करून, उत्तर एकच: पोरगा शिर्डीला हॉटेल लाइनला आहे.

हॉटेल लाइन हा शब्द मोठा सोयीचा. हॉटेलचा मालक हॉटेल लाइनला, हॉटेलात दूध घालणारा हॉटेल लाइनला, आणि हॉटेलच्या फाटकाशी पाटी मांडून आपल्याच बागेतले पेरू विकणाराही हॉटेल लाइनला. खोटं म्हणावं तर खोटं नाही, आणि खरं तर मुळीच नाही.

"माझं स्थळ तुमीच आनलं हुतं," मोनिका म्हणाली.

"मग? वाईट निघालं का?"

"स्थळ चांगलं हाय, गुरुजी. हॉटेल नव्हतं."

गुरुजी हसले, मग खोकले, मग म्हणाले, "अजून काठावरच आहे सगळं. मॅडम काही घरं फिरून विचारतील. पाच-पंचवीस पुरुषांनी सरळ सांगितलं, आम्ही शेती करतो, तर पारडं फिरेल. सासऱ्याला सांग. गहिनीनाथचं ऐकून बाकीचे बोलतील. विणेकऱ्याच्या शब्दाला वजन असतं."

मोनिकाचा सासरा गहिनीनाथ हा सप्त्यातला विणेकरी. पहाटेच्या पहाऱ्याला वीणा त्याच्या गळ्यात. वीणा खाली टेकू द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, अशी ती सात दिवस उभी राहते. गहिनीनाथच्या गळ्यात ती आली की पाय न हलवता माणूस दोन-दोन तास उभा. त्याच्या भक्तीत खोट काढायला जागा नव्हती, आणि ही गोष्ट त्याच्या भक्तीची थट्टा करायला सांगत नाही.

मोनिकाचा नवरा रविराज आता खरोखरच हॉटेलात होता. लग्नानंतर तिसगावहून तिचे भाऊ शिर्डीला दर्शनाला आले, की दाजींचं हॉटेल दाखवा म्हणायचे. दोन वेळा त्यांना उडवून लावलं. तिसऱ्या वेळेच्या आधी रविराजनं एका लॉजमध्ये चादरी बदलायची रात्रपाळी धरली. बोललेलं खरं करायला गेला तो तिथंच राहिला. दिवसा घरी येऊन झोपायचा. त्याच्या हातातलं खुरपं मोनिकाच्या हातात आलं. धाकटा दीर गोरक्षनाथ पेरूची बाग आणि ट्रॅक्टर बघायचा, झेंडू मोनिका. पहाटे तोडणी, सकाळी पाट्या शिर्डीच्या गाडीत, मग खुरपणी, दुपारनंतर पुन्हा तोडणी. सासू मुक्ताबाईचे गुडघे गेल्यापासून स्वयंपाकही तिचाच.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. गहिनीनाथ ऐकत होता, पण 'बघू'च्या पुढं गेला नाही. मुक्ताबाई म्हणाली, "न्हाई झाली ती शाळा तर न्हाई झाली. पोरगी हिथंच राहात्याला जाईल. सकाळ-संध्याकाळ तुझ्या हाताखाली येईल. माझ्यानं आता पाटी उचलत न्हाई."

मोनिका ज्याला भीत होती ते सासूनं असं बोलून दाखवलं, जणू चांगली बातमी सांगावी.

गावात सप्ताह चालूच होता; त्याचं शेवटचं, काल्याचं कीर्तन बुधवारी होतं. सकाळी दहालाच मंडप भरला. यंदाचे महाराज तरुण होते, पण गळा असा, की पहिल्या आलापालाच मृदंगवाला सावरून बसला. कीर्तनाची हीच गंमत. महाराज हसवत हसवत माणसाला अशा ठिकाणी नेऊन उभं करतात, की तिथून त्याला स्वतःखेरीज दुसरं काही दिसू नये. महाराजांनी आधी पोरींची चेष्टा केली. पोरीला फ्लॅट पाहिजे, गाडी पाहिजे, पगार पाहिजे, आणि सासू फोटोत पाहिजे. मंडप हसला. मग त्यांनी चिपळी थांबवली.

"पोरींना हसता," ते म्हणाले, "पण बापहो, तुम्ही स्वतःला काय म्हणवता? तुमच्या दारात पाहुणा आला आणि त्यानं विचारलं, काय करता, तर 'माती कसतो' हे दोन शब्द तुमच्या तोंडातून निघतात का? ज्या मातीनं तुम्हाला पोसलं तिचं नाव घ्यायला लाजता, आणि ज्यानं ती निर्माण केली त्याचं नाव सात दिवस ओरडून घेता. तो ऐकेल का? आईला ओळख न देणाऱ्या पोराच्या हातचं पाणी कोण पिईल?"

पुरुषांच्या बाजूला दोन-चार उपरणी डोळ्यांना लागली. बायकांच्या बाजूला मोनिका बसली होती. ती रडली नाही. ती सासऱ्याकडं बघत होती. गहिनीनाथ वीणा छातीशी धरून उभा होता आणि त्याच्या गालावरून पाणी मिशीत उतरत होतं.

दहीहंडी फुटली. लाह्या-दह्याचा काला ओंजळीत घेऊन गहिनीनाथ आपणहून सुनेजवळ आला.

"सांगतो," तो म्हणाला. "मॅडम शनिवारी येनार हायती ना? छातीवर हात ठिवून सांगतो, शेतकरी हाय म्हनून. गोरक्षाबी सांगंल. दहा-पाच जनांना मी बोललोय, तेबी सांगतील. नातीसाठी एवढं न्हाई करनार मी?"

मोनिका त्याच्या पाया पडली. काल्याचा एक लाहीचा दाणा तिच्या केसांत पडला.

"आन शुक्रवारी नेवाशाची मानसं येनार हायती घर बघाया," मुक्ताबाई मागून म्हणाली. "त्यांना काय सांगायचं?"

"त्यांना त्यांचं," गहिनीनाथ म्हणाला. "मॅडमला मॅडमचं."

गोरक्षनाथला तिसावं सरून दोन वर्षं झाली होती. मुलगा सरळ, अंगानं धड, आणि बागेत त्याचा हात असा, की त्याच्या पेरूला शिर्डीचे व्यापारी आगाऊ बोली लावत. पण स्थळं येत ती बाग बघून परत जात. ह्या वेळचं स्थळ पहिल्यांदाच घर बघण्यापर्यंत आलं होतं. मुलगी राजनंदिनी, बी.ए. झालेली. फोनवर तिच्या मामाला गहिनीनाथनं जे सांगायचं ते सांगून ठेवलं होतं.

शुक्रवारी सकाळी गोरक्षनाथनं एका मित्राचा निळा शर्ट घातला. खिशावर एका हॉटेलचं नाव शिवलेलं. शर्ट खांद्यात तंग होता.

"भावजी, बटन तुटंल," मोनिका म्हणाली.

"तुटू द्या. श्वास घेतला न्हाई म्हंजे टिकंल."

दोघं हसले. एका रानात राबणाऱ्या माणसांचं जसं असतं तसं त्यांचं एकमेकांशी होतं. मग तो हळूच म्हणाला, "उद्या मी सांगतो मॅडमला. धनूची शाळा बुडू देत न्हाई मी."

पाहुणे अकराला आले. राजनंदिनीची आई मनकर्णाबाई आणि मामा सहादेव. पडवीत सतरंजी टाकलेली. पोहे झाले. सहादेवमामांनी छत बघितलं, बोअर किती खोल ते विचारलं, गोरक्षनाथच्या खिशावरचं नाव दोनदा वाचलं. मनकर्णाबाईंची नजर मात्र माणसांवर होती. मोनिका चहा टाकायला आत गेली, आणि तेवढ्यात फाटकाशी कचेरीची गाडी थांबली.

लीना मॅडम एकट्याच होत्या. घामानं थकलेल्या, हातात मोबाईल. "उद्याचं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "पण अहवाल आजच मागितलाय. तुमचं घर यादीत आहे. पाच मिनिटंच घेते."

"मॅडम, पाहुणे हायती," गहिनीनाथ उठून उभा राहिला. "जरा दुपारनं आलात तर."

"दुपारी मी दुसऱ्या गावात असेन, काका. साधंच विचारायचंय." आणि पडवीच्या कडेला टेकून त्यांनी ते साधं विचारलं. "घरातले पुरुष काय करतात?"

मोनिका आतल्या दाराशी आली. तिच्या हातात ट्रे होता, आणि धनश्री तिच्या मागं.

हा प्रश्न विचारणारं एक माणूस पडवीच्या कडेला होतं आणि त्याचं उत्तर ऐकायला आलेली दोन सतरंजीवर. सहादेवमामांनी बशी खाली ठेवली. गहिनीनाथनं एकदा मॅडमकडं बघितलं, एकदा मामांकडं, एकदा गोरक्षाच्या खिशाकडं. दाराकडं त्यानं बघितलं नाही.

"थोरला हॉटेलात हाय," तो म्हणाला.

"धाकटे?"

"धाकटाबी. हॉटेल लाइनलाच."

"आणि तुम्ही?"

इथं तरी म्हातारा थांबेल असं मोनिकाला वाटलं. स्वतःपुरतं सांगितलं असतं तरी पाहुण्यांचं काही जात नव्हतं. पण एक खोटं बोललं की माणूस सगळं घर झाडून काढतो. "मी आता काय करनार. वय झालं. देवाधर्माचं बघतो."

"मग शेती कोण बघतं?"

"गडीमानसं असत्यात."

मॅडमनी मोबाईलवर बोट टेकलं. मोनिकानं ट्रे दारातच खाली ठेवला. कपांतला चहा हिंदकळला.

"गडीमानसं न्हाईत, मॅडम," ती म्हणाली. "रान मी करते. झेंडू माझा, आन बाग भावजी करतेत."

मग मॅडम गोरक्षनाथकडं वळल्या. "तुम्हीच सांगा. सहा महिन्यांच्या वर कुठलं काम करता?"

गोरक्षनाथनं तोंड उघडलं. मोनिकाला वाटलं, आता बोलेल. त्यानं सहादेवमामांकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं. हात त्यानं गुडघ्यांखाली घेतले.

"हॉटेलात," तो म्हणाला.

मॅडमनी बोट टेकलं.

"मग माझं लिवा," मोनिका म्हणाली. "त्यांचं ऱ्हाऊ द्या. मी तर खोटं सांगत न्हाई. बारा म्हैने रानात असते मी, हितल्या समद्या बाया असतेत. घरोघर विचारा. आमची मोजली तर हे गाव खेडंच निघंल."

लीना मॅडमचा आवाज खाली आला. त्या वाईट बाई नव्हत्या. "ताई, मोजणी होईल तेव्हा तुमचं नाव शेतकरी म्हणून नक्की लिहून घ्या. तो तुमचा हक्क आहे. पण गाव की शहर हे ठरवायच्या अटीत फक्त पुरुषांचं काम बघतात. बायकांचं धरत नाहीत."

"का?"

"अट पूर्वीपासून तशीच आहे," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे पहाटं मी झेंडू तोडते तो शहरात तोडते."

मॅडमनी पाणीही घेतलं नाही. जाताना त्या फाटकाशी एवढंच म्हणाल्या, की सकाळपासून नऊ घरं झाली आणि सगळीकडं हेच ऐकलं. वाकटाकळीत लग्नाची पोरं नसलेलं घर नव्हतं. गाडी गेली. तिच्या मागं दाखला गेला, शाळा गेली. धनश्रीला ते सांगावं लागलं नाही. ती मागच्या दारानं निघून गेली आणि खिडकीतून दिसली: पाट्यांच्या ढिगातली एक रिकामी पाटी उचलून डोक्यावर घेत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पडवीत गहिनीनाथ मोठ्यानं बोलू लागला होता, पावसाचं, पेरूच्या भावाचं, यंदाच्या महाराजांच्या गळ्याचं. मोनिका चुलीपुढं आली. मागोमाग मनकर्णाबाई आल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मला खरं सांग. मीबी लेकीचीच आई हाय. बाग भावजी करतात म्हनलीस. माझी पोर रानातली न्हाई. तिला उन्हाचं चक्कर येतं. धाकटा रानात जातो का?"

त्यांनी तिचा हात धरला होता. मोनिकाच्या बोटांना झेंडूचा हिरवा चीक बसलेला, जो कशानं जात नाही. मनकर्णाबाईंना तो दिसत होता. खरं सांगायला तिला तोंडही उघडायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहिली असती तरी चाललं असतं.

खिडकीबाहेर धनश्री बांधाला लागली होती. पाटी तिच्या डोक्यावर मोठी होत होती. एका हातानं ती सावरत ती रानात उतरली.

एक बाई घरात आली तर दोन हात येतील. पहाटेच्या तोडणीला दोन हात, खुरपणीला दोन हात. मग पोरीला पाटी उचलायची वेळ येणार नाही. राहात्याची तर राहात्याची, शाळा तरी पुरती होईल.

"न्हाई," मोनिका म्हणाली. "शाळंपायी राग आल्ता मला, तोंडातनं काहीबी गेलं. भावजी हॉटेल लाइनलाच हायत."

"आन रान?"

"रान मी बघते. मला सवय हाय. तुमच्या लेकीला उन्हात पाऊल टाकावं लागनार न्हाई."

मनकर्णाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "देव तुझं भलं करो. थोरली जाऊ अशी पाहिजे."

चारच्या सुमाराला पाहुणे गेले. सुपारी फुटली होती. मुक्ताबाईनं देवापुढं साखर ठेवली. गहिनीनाथ सुनेला काही बोलायला म्हणून दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि दोन्ही वेळा तिथूनच परत गेला. रविराज उठून, तोंड धुऊन रात्रपाळीला निघाला. त्याला झालेलं सगळं कुणीतरी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "असू दे. राहात्याची शाळाबी वाईट न्हाई."

मोनिका रानात आली तेव्हा गोरक्षनाथ तिच्या आधीच तिथं होता. शर्ट काढून बनियनवर झेंडू तोडत होता. एरवी तो झेंडूच्या रानात येत नसे. धनश्रीला त्यानं बांधावर सावलीत बसवलं होतं.

"दार पातळ हाय स्वयंपाकघराचं," तो म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "वहिनी, तुमी कशाला खोटं बोललात? तुमी तर खरं बोलला हुता."

"तुमी बोललात तेच बोलले."

त्यानं पुढच्या झाडाला हात घातला. "ती हिथं आली, बघितलं तिनं, म्हंजे शिव्या देईल मला."

"देईल," मोनिका म्हणाली. "मीबी दिल्या हुत्या तुमच्या भावाला. मनातल्या मनात. धनू झाली तवा थांबल्या."

"आन तुमालाबी शिव्या देईल?"

मोनिकानं पदर कमरेला खोचला आणि धनश्रीच्या पायाशी ठेवलेली पाटी ओढून घेतली.

"त्या वळीनं घ्या, भावजी," ती म्हणाली. "शिर्डीची गाडी यायच्या आत भरायचं हाय."